फ्लॉरेन्स नगरीतील एक दिवस

इटली देशाच्या मध्यभागी तोस्काना नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्या प्रांतातून आर्नो नदी वाहत जाते आणि तिच्या दोन्ही तीरांवर फ्लॉरेन्स हे पुरातन नगर वसलेले आहे. तेथील लोक आपल्या नगराला फिरेन्झे असे म्हणतात. रोमन लोकांनी येथे पहिली वसाहत केली. पुढे मध्ययुगात लोकरीचा व रेशमाचा व्यापार आणि सावकारांच्या पेढ्या यांच्या जोरावर हे नगर इतके संपन्न झाले की, दूरदूरचे राजेही येथील पेढ्यांकडून कर्ज काढीत. त्या संपत्तीतून तेथे प्रार्थनामंदिरे, वाडे, पूल आणि उद्याने निर्माण झाली. चित्रकार, मूर्तिकार, सोनार आणि गवंडी यांना जेवढा मान त्या काळी या नगराने दिला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या नगराने दिला असेल.

नगराचा जुना भाग फारसा विस्तीर्ण नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाऊण तासात पायी जाता येते. प्रवासी फसतो तो येथेच. एवढेसे गाव एका दिवसात सहज पाहून होईल असे त्याला सकाळी वाटते आणि दिवस मावळू लागला की निम्मेही पाहून झालेले नाही हे त्याच्या ध्यानात येते.

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून आलेल्या एका कुटुंबाची अशीच गत झाली. आजोबा, आईवडील, तेरा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आगगाडीने त्यांना रोमला जावयाचे होते. म्हणजे हातात दिवस एकच. वडिलांनी आदल्या रात्री अकरा स्थळांची यादी केली होती. मुलीला चित्रकलेचा नाद असल्यामुळे तिने त्या यादीतील उफीझी या चित्रसंग्रहाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आजोबांनी एकच स्थळ सुचविले होते. ते सर्वांत दूर असल्यामुळे यादीत सर्वांत शेवटी लिहिले गेले होते. ते म्हणजे नदीच्या संगमावरची छत्री.

सकाळी आठ वाजता ही मंडळी नगराच्या मुख्य प्रार्थनामंदिरासमोर येऊन उभी राहिली. या मंदिराच्या बांधकामास १२९६ साली प्रारंभ झाला. पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराने मढविलेल्या त्याच्या भिंती डोळे दिपवितात. पण पाहणाऱ्याची नजर भिंतींवर ठरत नाही, ती वर घुमटाकडे जाते. तांबड्या कौलांचा तो प्रचंड घुमट नगराच्या कोणत्याही गल्लीतून अचानक दृष्टीस पडतो.

या घुमटाची कथा मोठी विलक्षण आहे. मंदिराच्या भिंती उभ्या राहिल्या, घुमटासाठी अष्टकोनी जागा मोकळी ठेवण्यात आली. परंतु ती जागा सुमारे ४५ मीटर रुंद होती आणि एवढा मोठा घुमट बांधावयाचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते! विजापूरच्या गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि तो पूर्ण झाला १६५६ साली, म्हणजे याच्यानंतर दोनशे वीस वर्षांनी. फ्लॉरेन्सच्या लोकांनी मात्र उत्तर सापडण्यापूर्वीच प्रश्न दगडात मांडून ठेवला आणि कित्येक वर्षे त्या उघड्या छिद्रातून मंदिरात पाऊस पडत राहिला.

अडचण काय होती, ती समजून घेतली पाहिजे. कमान बांधताना तिच्याखाली लाकडी साचा उभारतात. विटा त्या साच्यावर रचीत जातात. शेवटची वीट बसून चुना घट्ट झाला की कमान आपल्या बळावर उभी राहते आणि साचा काढून घेता येतो. परंतु येथे घुमटाचा आरंभच जमिनीपासून सुमारे ५० मीटर उंचीवर व्हावयाचा होता. तेवढ्या उंचीचा व रुंदीचा साचा उभारण्याजोगे लाकूड आणावयाचे कोठून? आणि आणले तरी ते स्वतःच्या भाराने वाकल्यावाचून राहिले असते काय?

१४१८ साली नगराने कारागिरांकडून युक्त्या मागविल्या. त्यात फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा पुढे आला. तो मूळचा सोनार. साच्यावाचून घुमट बांधून दाखवितो असे तो म्हणाला, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढले. वसारी नावाच्या चरित्रकाराने शंभराहून अधिक वर्षांनंतर लिहिलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तुझी युक्ती सांग, असे पंचांनी म्हटल्यावर ब्रुनेलेस्कीने एक अंडे पुढे केले आणि हे संगमरवरावर उभे करून दाखवील त्याने घुमट बांधावा, असे सांगितले. कोणालाच ते जमेना. तेव्हा त्याने अंड्याचे बूड हलकेच ठेचून ते उभे केले. असे तर आम्हीही केले असते, असे इतर म्हणाले. त्यावर तो म्हणाला की, माझी युक्ती कळल्यावर घुमटही तुम्ही बांधाल! कोलंबसाविषयीही अशीच गोष्ट सांगतात, त्यामुळे ती कितपत खरी मानावी हा प्रश्नच आहे.

त्याची खरी युक्ती अशी होती. विहिरीचे गोल बांधकाम ज्याने पाहिले असेल त्याला हे ठाऊक असते की, वर्तुळात बसविलेले दगड आत पडत नाहीत. कारण प्रत्येक दगडाला शेजारचे दोन दगड दाबून धरतात. घुमटाचा प्रत्येक थर असा पुरा झाला की तो स्वतःला सावरून धरतो आणि वरच्या थराचा पाया होतो. संकट असते ते थर अपुरा असताना. तेव्हा उतरत्या पृष्ठावर ठेवलेली ओली वीट घसरू लागते. ब्रुनेलेस्कीने काही अंतराअंतरावर विटा उभ्या बसविल्या. फळीवर पुस्तके आडवी पडू नयेत म्हणून आपण कडेला जड वस्तू ठेवतो, तशा या उभ्या विटा आडव्या विटांना जागच्या जागी धरून ठेवीत. या विटांची रांग वर वर तिरकी सरकत जाते आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी तयार होते. शिवाय त्याने घुमट दुहेरी केला, आत जाड कवच आणि बाहेर पातळ कवच. बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव बसवितात तशा दगडांच्या व लाकडांच्या साखळ्या घुमटाभोवती गुंफल्या. त्यामुळे तो भाराने बाहेर फाकत नाही.

विटा वर नेण्यासाठी त्याने बैलांचे एक यंत्रही केले. मोटेचे बैल पाणी वर आणताना पुढे जातात आणि मोट खाली सोडताना त्यांना मागे सरावे लागते. ब्रुनेलेस्कीच्या यंत्रात बैल एकाच दिशेने फिरत राहत. दात्यांची चाके बदलली की वर जाणारे ओझे खाली येऊ लागे. बैल सोडून उलटे जुंपण्याचा वेळ वाचला. १४२० साली काम सुरू झाले आणि १४३६ साली घुमट पुरा झाला. त्याला चाळीस लाखांहून अधिक विटा लागल्या असे सांगतात.

घुमटावर चढण्याची वेळ अगोदर ठरवून घ्यावी लागते. ठरलेली वेळ चुकली तर वाट पाहून उपयोग नसतो. आजोबा खालीच थांबले. मंदिराच्या दक्षिण बाजूस ब्रुनेलेस्कीचा पुतळा आहे. हातात आराखडा घेऊन तो मान वर करून आपल्या घुमटाकडे पाहत बसलेला आहे. त्याच्याजवळ आजोबाही तसेच बसले. बाकीचे चौघे दोन कवचांमधील अरुंद जिन्याने वर निघाले. या जिन्याला ४६३ पायऱ्या आहेत. मुलाने त्या मोजल्या. त्याच्या हिशेबी त्या ४६१ भरल्या. उतरताना पुन्हा मोजीन, असे तो म्हणाला.

वरून सारे नगर दिसते. तांबड्या कौलांची दाटी, तिच्यामधून डोकावणारे मनोरे आणि मध्ये आर्नोचा पट्टा. पश्चिमेकडे नदीच्या उजव्या तीरावर झाडांची एक लांब हिरवी रांग वडिलांनी दाखविली. छत्री त्या रांगेच्या अगदी शेवटी होती. तेथवर दृष्टी पोचेना. “एवढे लांब जायचे?” असे मुलाने विचारले, त्याला कोणी उत्तर दिले नाही.

खाली उतरल्यावर मंडळींनी समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाची दारे पाहिली. १४०१ साली या इमारतीच्या एका दारासाठी स्पर्धा झाली होती. तीत ब्रुनेलेस्की हरला आणि लोरेन्झो गिबर्ती जिंकला. दोघांनी स्पर्धेसाठी घडविलेले नमुने आजही नगरातील एका संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. हरलेल्या ब्रुनेलेस्कीने रोमला जाऊन प्राचीन इमारतींचा अभ्यास केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात; म्हणजे त्या पराभवाचेही नगराने काही देणे लागते. गिबर्तीने पहिल्या दारावर वीसहून अधिक वर्षे आणि दुसऱ्या दारावर सत्तावीस वर्षे काम केले. सोन्याचा मुलामा दिलेल्या दहा चौकटींचे हे दुसरे दार स्वर्गाला शोभेल असे मायकेल अँजेलोने म्हटल्याचे सांगतात आणि तेव्हापासून त्याचे नाव ‘स्वर्गद्वार’ असे पडले. आज बाहेर जे दिसते ती प्रतिकृती आहे. मूळ दार मंदिराच्या संग्रहालयात काचेआड ठेवले आहे.

दुपारच्या जेवणासाठी सारे सॅन लोरेन्झोच्या मंडईत गेले. ही लोखंड व काच यांनी बांधलेली मोठी इमारत आहे. तोस्कानातील पावात मीठ घालीत नाहीत. मुलाने पहिला घास घेतला आणि पाव करणारा मीठ विसरला असावा असे त्याने ठरविले. आईने रिबोलिता नावाचे कढण मागविले. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी एकत्र शिजवून ते करतात. नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेले’ असा आहे. शिळ्या भाकरीचा काला खाऊन वाढलेल्या आजोबांना ते फार आवडले. जेवणात तासभर जास्त गेला. यादीतील दोन स्थळे वडिलांनी मुकाट्याने खोडली.

तेथून अकादेमिया नावाच्या संग्रहालयात मायकेल अँजेलोने घडविलेला डेव्हिडचा पुतळा पाहण्यास ते गेले. पुतळा पाच मीटरांहून अधिक उंच आहे. ज्या संगमरवरी शिळेतून तो घडला ती पूर्वी दुसऱ्या मूर्तिकारांच्या हातची बिघडलेली होती आणि सुमारे चाळीस वर्षे मंदिराच्या आवारात उन्हापावसात पडून होती. १५०१ साली सव्वीस वर्षांच्या मायकेल अँजेलोने ती हाती घेतली व १५०४ साली पुतळा पुरा केला. उजव्या हाताच्या शिरा, कपाळावरची आठी आणि डाव्या खांद्यावरची गोफण पाहिली म्हणजे हा तरुण कोणाकडे तरी रोखून पाहत आहे, दगड अजून फेकलेला नाही, हे ध्यानात येते. मुलीने येथे आपल्या वहीत त्या हाताचे चित्र काढले. पुढची दोन पाने तिने कोरी ठेवली. ती उफीझीतील बोत्तिचेल्लीच्या चित्रांसाठी होती.

हा पुतळा १८७३ सालापर्यंत नगराच्या मुख्य चौकात उघड्यावर उभा होता. आता तेथे १९१० साली बसविलेली प्रतिकृती आहे. त्याच चौकात, जिला जुना राजवाडा म्हणतात ती तटबंदीसारखी इमारत आहे. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि त्या देशाची लोकसभा याच वाड्यातील मोठ्या दिवाणखान्यात भरत असे. चौकातून मंडळी मागच्या एका अरुंद गल्लीत शिरली. रस्ता चुकला होता. पण त्यामुळे जे दृष्टीस पडले ते यादीत नव्हते.

सॅन रेमिजिओ या प्रार्थनामंदिराजवळ एका कोपऱ्यावर भिंतीत जुना दगड बसविलेला आहे. त्यावर एक हात कोरलेला असून त्याचे बोट पाण्याची खूण दाखविते. १३३३ साली ४ नोव्हेंबर या दिवशी आर्नोला महापूर आला, तेव्हा पाणी येथवर चढले होते. त्याच कोपऱ्यावर, त्याहूनही उंच, दुसरी खूण आहे. ती १९६६ सालच्या ४ नोव्हेंबरची! महिना तोच, दिवसही तोच. माणसाने हात उंच केला तरी बोटे त्या खुणेपाशी पोचत नाहीत.

१९६६ च्या त्या पुराने नगराची फार हानी केली. पाण्याबरोबर चिखल आला आणि घरे तापविण्यासाठी तळघरांत साठविलेले तेलही आले. स्वर्गद्वाराच्या दहा चौकटींपैकी पाच पाण्याच्या लोंढ्याने निखळून पडल्या. नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ चिखलात बुडाले. तेव्हा इटलीतून आणि परदेशांतून शेकडो विद्यार्थी आपण होऊन आले. तळघरांपासून रस्त्यापर्यंत रांगा करून त्यांनी एकेक पुस्तक हातोहात वर काढले. लोकांनी त्यांना ‘चिखलातील देवदूत’ असे नाव दिले. त्या पुस्तकांची दुरुस्ती पुढे कित्येक वर्षे चालली होती आणि भिजलेले कागद व चित्रे सुधारण्याच्या विद्येत जगाने या आपत्तीतून पुष्कळ शिकून घेतले.

आजोबा त्या खुणेसमोर बराच वेळ उभे राहिले. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्याच्या खुणेविषयी वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील पूर मुलांनीही पाहिला होता. मुलगा तेव्हा अगदी लहान होता; तरी रात्री घरातली मोठी माणसे नदी किती फुटांवर आली एवढेच बोलत होती, असे तो सांगे.

गल्लीतून बाहेर पडताच नदीकाठी गॅलिलिओच्या नावाचे संग्रहालय लागते. त्याने स्वतः वापरलेल्या दुर्बिणी येथे आहेत. ज्या भिंगातून त्याने १६१० साली गुरूचे उपग्रह पाहिले, ते भिंगही येथे आहे. मात्र त्याला तडा गेलेला आहे. काचेच्या एका भांड्यात गॅलिलिओच्या हाताचे बोटही जपून ठेवले आहे. मुलगा तेथून हलेना. त्याला ओढून बाहेर आणले तेव्हा पाच वाजून गेले होते.

आता मात्र निवड करणे प्राप्त होते. उफीझी दोन पावलांवर होते. मेदिची या घराण्याने फ्लॉरेन्सवर दीर्घकाळ सत्ता गाजविली. त्या घराण्याच्या कचेऱ्यांसाठी १५६० साली ही इमारत बांधण्यास घेतली. नावाचा अर्थही कचेऱ्या असाच आहे. पुढे तेथे घराण्याचा चित्रसंग्रह आला. मेदिचींची शेवटची वारस आना मारिया लुईझा हिने १७३७ साली एक करार केला. घराण्याची चित्रे, मूर्ती, ग्रंथ आणि रत्ने नव्या राज्यकर्त्यांकडे जातील. परंतु त्यांतील काहीही फ्लॉरेन्सबाहेर नेता येणार नाही, अशी अट तिने त्यात घातली. जगातील अनेक राजघराण्यांचे संग्रह लिलावात विखुरले. हा मात्र जेथल्या तेथे राहिला तो या एका बाईच्या दूरदृष्टीमुळे.

दारापुढे रांग मोठी होती. आत शिरण्यास तास लागला असता, आणि दालने बंद होण्याची वेळ त्यानंतर फार दूर नव्हती. उफीझी पाहिले तर छत्री राहणार होती. आजोबा म्हणाले, “पोरीला चित्रे पाहू द्या. माझे काही अडत नाही.” ते महाविद्यालयात शिकले ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. ज्यांचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, त्यांची छत्री पाहावी अशी इच्छा त्यांनी पन्नास वर्षे मनात ठेवली होती आणि ती ते एवढ्याशा वाक्यात सोडून देत होते. मुलगी काही वेळ रांगेकडे पाहत राहिली. मग तिने वही पिशवीत घातली. “चित्रे पुस्तकात तरी पाहिली आहेत, आजोबा. छत्री मी कधीच पाहिलेली नाही,” असे ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. चालताना तिने दोनदा मागे वळून पाहिले, हे आईच्या नजरेतून सुटले नाही.

नदीकाठाने जाताना जुना पूल लागला. १३३३ च्या पुरात पूर्वीचा पूल वाहून गेल्यावर १३४५ साली तो बांधण्यात आला. त्याच्या दोन्ही कडांना दुकाने आहेत. पूर्वी तेथे खाटीक बसत. दुर्गंधीला कंटाळून १५९३ साली तेथील राजाने त्यांना उठविले व सोनारांना जागा दिली. आजही तेथे सोनारच आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ सालच्या ऑगस्ट महिन्यात, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नगरातील सारे पूल उडवून दिले. हा एक तेवढा ठेवला. पलीकडचा सांता त्रिनिता पूल लोकांनी नदीतून वेचलेले जुने दगड वापरून पुन्हा पूर्वीसारखा बांधला. त्यावरील वसंत ऋतूच्या मूर्तीचे मस्तक मात्र सापडेना. ते १९६१ साली नदीच्या गाळात मिळाले आणि धडावर बसविण्यात आले.

स्थानकाजवळ ट्रॅम मिळाली. झाडांच्या त्या हिरव्या रांगेपाशी ते उतरले. हे कॅसिने नावाचे उद्यान. पूर्वी येथे मेदिचींची गुरे होती. नावाचा संबंध दुधदुभत्याच्या गोठ्यांशी आहे. उद्यानाची लांबी तीन किलोमीटरांहून अधिक आहे आणि छत्री त्याच्या पश्चिम टोकाला आहे. जूनमध्ये तेथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो म्हणून बरे. आजोबा दर थोड्या अंतरावर बाकावर बसत आणि बसल्या बसल्या पुढील हकीकत सांगत.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडच्या प्रवासास गेले. ते तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. समुद्रपर्यटन निषिद्ध मानण्याचा तो काळ. अशा वेळी एका संस्थानिकाने परदेश पाहण्यास जावे ही गोष्ट साधी नव्हती. जे जे पाहिले ते ते महाराज इंग्रजी रोजनिशीत लिहून ठेवीत. परतीच्या वाटेवर त्यांची प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत ती हाताबाहेर गेली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. घर हजारो कोस दूर. बरोबरच्या लोकांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. इटलीत प्रेत पुरण्याची रीत होती, दहन कोणी पाहिलेलेही नव्हते. परंतु नगराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. दोन नद्या मिळतात ते स्थळ पवित्र, म्हणून मुन्योने ही लहान नदी जेथे आर्नोला मिळते तेथे, नगरापासून दूर, रात्रीच्या वेळी चिता रचण्यात आली. महाराजांची रोजनिशी पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली.

वळण संपले आणि झाडांमधून छत्री दिसली. चार खांबांवर घुमटी, घुमटीखाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पागोटे. पुतळा रंगविलेला असल्यामुळे दुरून जिवंत माणूस बसल्यासारखा भास होतो. १८७४ साली हे स्मारक उभे राहिले. छत्रीची कल्पना मेजर मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे यांच्याच आराखड्यावरून बांधला गेला. पुतळा फुलर या इंग्रज मूर्तिकाराने घडविला. खालच्या चौथऱ्यावर निरनिराळ्या भाषांत मजकूर कोरलेला आहे. फ्लॉरेन्सचे लोक महाराजांचे नाव बहुधा जाणत नाहीत. ते या जागेला नुसते ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणूस, असे म्हणतात. १९७८ साली जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळाले. रोज हजारो मोटारी त्या पुलावरून जातात आणि फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवरील पाट्यांत हे नाव येते.

आजोबांनी वहाणा काढल्या आणि नमस्कार केला. ते काही बोलले नाहीत. थोड्या अंतरावर मुन्योनेचे पाणी आर्नोत मिसळत होते; उन्हाळ्यामुळे प्रवाह अगदी बारीक होता. वरून पुलावरील गाड्यांचा आवाज येत होता. एक म्हातारा आपल्या कुत्र्याला घेऊन तेथून गेला. या पाच जणांकडे व मग पुतळ्याकडे पाहून त्याने टोपी उचलली.

मुलीने वही काढली. दोन कोऱ्या पानांवर तिने छत्रीचे चित्र काढावयास घेतले. खांब सरळ येईनात, तेव्हा तिने ते खोडून पुन्हा काढले. प्रकाश कमी होईपर्यंत सारे थांबले. मग वडिलांनी यादी पाहिली. अकरांपैकी सहा स्थळे झाली होती. त्यांनी कागदाची घडी करून तो खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर मुलाने ट्रॅमपर्यंतची पावले मोजण्यास प्रारंभ केला. हजाराच्या पुढे तो मोठ्याने मोजत होता. नंतर तो मनात मोजू लागला. आणि ट्रॅममध्ये बसल्याबरोबर त्याला झोप लागल्यामुळे मोजणी कितीवर संपली, ते कोणालाच कळले नाही.